गाठ न मारलेला दोरा

जम-रे चित्र काढत नसे, चित्राला बडवत असे. हे तिच्या धाकट्या भावाचं म्हणणं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. तागाचं भरड कापड चौकटीवर ताणायचं, त्याच्या पाठीला पांढऱ्या रंगाचा जाड थर द्यायचा आणि लाकडी थापीने, मग मुठीने, मग कोपराने तो रंग आरपार ढकलायचा, अशी तिची पद्धत. कापडाच्या विणीतून रंग पुढच्या बाजूला असा बाहेर येई, जसा तापलेल्या माणसाला घाम फुटतो. समोरून ती कधी हातही लावत नसे. काम संपलं की तिच्या बोटांची सालं निघालेली असत, आणि ही-बम औषधाची बाटली घेऊन दारात उभा असे.

"आज कोण जिंकलं, ताई?"

"गप बस आणि कापूस दे."

सोलमध्ये तिची प्रदर्शनं झाली, एक टोकियोतही झालं. तिथल्या कुणा जाणकाराने लिहिलं की या पांढऱ्या चित्रांत पहाटेच्या बर्फाची शांतता आहे. ही-बम ते वाचून पोट धरधरून हसला. "शांतता! त्या गृहस्थाला म्हणावं, या बाईच्या पंगतीला एकदा जेवायला बसून बघ."

ते दिवस चांगले होते. ग्वांगजू शहर तेव्हा एवढं पसरलं नव्हतं. रविवारी दोघं भावंडं बसने संग्रहालयात जात आणि एकाच पांढऱ्या रांजणासमोर उभी राहत. तो रांजण दोन अर्धे भाग एकावर एक ठेवून घडवलेला होता, त्यामुळे पोटाशी किंचित बसका झाला होता. "कुंभार प्यायलेला होता," ही-बम दर वेळी म्हणे, आणि दर वेळी पहारेकरी त्याला दटावे. जम-रे मात्र त्या पांढऱ्याकडे टक लावून बघत राही. त्यात निळसर होतं, दुधाळ होतं, एका जागी चक्क पिवळं पडलेलं होतं. परतताना बसमध्ये ती बोलत नसे, आणि ही-बम आपल्या वाटचं उकडलेलं अंडं तिच्या हातात ठेवी. चौकटी तोच बनवायचा. सरस त्याच्या नखांत कायमचा बसलेला.

१९८० च्या मे महिन्यात लष्करी राजवटीविरुद्धचे मोर्चे मोडायला सैन्य शहरात शिरलं. ही-बम चौकटीसाठी पट्ट्या आणायला वखारीत गेला होता. मोठ्या रस्त्यावर सैनिकांनी त्याला गाठलं. पाहणाऱ्यांनी नंतर सांगितलं की तो पळाला नाही, पट्ट्यांचा भारा छातीशी धरून "अहो, मी सुतार आहे, सुतार आहे" म्हणत राहिला. तिघांनी सोट्यांनी त्याचं डोकं फोडलं. पट्ट्या रस्त्यावर विखुरल्या, आणि मग त्याच पट्ट्यांनी त्याला मारलं. तो हलायचा थांबल्यावरही मारलं.

जम-रेला तो एका व्यायामशाळेत सापडला, ओळीने ठेवलेल्या प्रेतांत. चेहरा राहिलाच नव्हता. तिने हात उचलून नखं पाहिली.

आईने घरून आपला मरणाचा झगा आणला होता. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांनी तो हयातीतच शिवून ठेवायचा असतो, अधिक महिन्यात, उत्तम तागाच्या कापडाचा. आईने तो स्वतःसाठी शिवला होता. "मी नंतर बघेन माझं," ती म्हणाली, "आधी पोराला घालते." पण पहाऱ्यावरच्या सैनिकांनी प्रेताभोवती गुंडाळलेलं प्लास्टिक सोडू दिलं नाही. ही-बम तसाच, कचऱ्याच्या गाडीतून, शहराबाहेरच्या टेकडीवर गेला.

आणि मग मा नावाचा पोलीस घरी आला. साध्या वेशातला, जाडसर, याच शहरातला माणूस. बूट न काढताच आत येऊन बसला.

"म्हातारे, घरात रडारड नको. शेजारपाजारचे जमतात, मग घोषणा होतात. समजलं?"

"किती हळू रडू, साहेब?" आईने विचारलं.

"गल्लीत ऐकू येता कामा नये."

तो गेल्यावर आई म्हणाली, "इतकं हळू तर मांजर मेल्यावर रडतात. पोटचा पोर गेल्यावर गल्लीला कळलं पाहिजे." आणि ती रडलीच नाही. महिने गेले, वर्ष उलटलं, ती रडली नाही. जेवण तुटलं, हाडं दिसू लागली. वैद्य म्हणाला, हिला एकदा मोकळं रडू द्या, नाहीतर ही जायची. पण रडायचं कुठे?

एके सकाळी तिने झगा लेकीसमोर टाकला. "तू लोकांसमोर टांगतेस ना काहीबाही? हा टांग. लोक येतील, समोर उभे राहतील. एवढं तरी होऊ दे त्याचं."

जम-रेने झग्याची पाठ उघडून ताणली. आमचं कापड अरुंद विणलं जातं, म्हणून पाठीला मधोमध एक शिवण होती. ती तिने तशीच राहू दिली. मग मागून रंग बडवायला लागली. त्या दिवसांत तिने जे बडवलं ते कापड नव्हतं. थापी मोडली, तिने दुसरी घेतली. तोंडाने शिव्या देत, दात खात, ती त्या सैनिकांना एकेकाला मारत होती. आई पाठीमागे बसून बघत होती. "अजून," ती म्हणायची. "अजून मार."

पुढच्या शरदात प्रदर्शन लागलं. कापडबाजारामागे खाली चहाघर आणि वर लांबोडकं दालन होतं. आता तिथे मोबाइलचं दुकान आहे. सगळी चित्रं पांढरी, आणि शेवटच्या भिंतीवर झगा. चित्रांना नावं नव्हती. कोणी काही बोललं असतं तर जम-रे तुरुंगात गेली असती, आणि तिची आईही.

पहिले दिवस नेहमीचे लोक आले, मान तिरकी करून बघून गेले. मग बाजारातली एक मासेवाली पाय मोकळे करायला वर आली. झग्यासमोर थबकली. शिवणीच्या टोकाशी दोऱ्याची शेपटी लोंबत होती. तिने डोळे बारीक केले.

"अगं बाई," ती पुटपुटली, "गाठच नाही मारलेली."

मरणाच्या कपड्याला शिवताना आम्ही दोऱ्याला गाठ मारत नाही. गाठ राहिली तर जाणाऱ्याचा पाय त्यात अडकतो. हे आमच्या बायकांना शिकवावं लागत नाही. मासेवालीने ओले हात पुसले, वाकली, आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी चौघी आल्या. मग रोज येऊ लागल्या. भाजीवाल्या, शिवणकाम करणाऱ्या, पोर गमावलेल्या, नवरा गमावलेल्या. झग्यासमोर उभ्या राहायच्या आणि ओठ घट्ट मिटून जायच्या.

मा खालच्या चहाघरात बसून हे बघत होता. "मासेवाल्यांना चित्रं कधीपासून कळायला लागली, बाई?" त्याने जम-रेला जिन्यात अडवून विचारलं.

"साहेब, पांढरं आहे. त्यात कळायचंय काय?"

आणि त्याच दुपारी सक-चॉल आला. कला महाविद्यालयातला विद्यार्थी, काटकुळा, डोळे लाल. हातात कागद कापायची सुरी.

"बाई," तो दालनाच्या मधोमध ओरडला, "रस्त्यावर माणसं मेली आणि तुम्ही पांढरं फासताय? लाज नाही वाटत? रक्ताचा रंग विसरलात?"

त्याने पहिल्या चित्रावर सुरी ओढली. वरपासून खालपर्यंत. मग दुसऱ्यावर. जम-रे हलली नाही. ती नुसती चित्रं होती. पण मग तो झग्याकडे वळला.

चित्रं टांगायची आकडीची काठी भिंतीला टेकवलेली होती, ती जम-रेने उचलली. पहिला फटका त्याच्या मनगटावर बसला, हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. सुरी उडाली. दुसरा खांद्यावर, तिसरा तोंडावर. तो खाली पडला, आणि ती मारतच राहिली. पाठीवर, बरगड्यांवर, थापी चालवावी तशी. त्याने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं आणि रक्ताच्या तोंडाने "मी विद्यार्थी आहे, विद्यार्थी आहे" म्हणू लागला.

रोज झग्यापाशी बसणाऱ्या आईने काठी धरली. "जम-रे! ऐक, काय म्हणतोय तो!"

जम-रेने ऐकलं. काठी हातातून गळाली.

जिन्यावरून टाळ्या वाजल्या. "वा, बाई, वा!" मा वर आला होता, मागे चार-पाच बाजारातल्या बायका. "आम्हाला एक हात कमी पडतो, तो तुमचा घेऊ म्हणतो. हा पोरगा कधीचा आमच्या यादीत आहे. तुम्ही फक्त सांगा, याने चित्रं फाडली. बाकी आम्ही बघतो."

बाकी म्हणजे काय हे दालनातल्या प्रत्येकाला माहीत होतं. पोराने एकच डोळा उघडून वर पाहिलं. दुसरा सुजून बंद झाला होता.

"त्याने नाही फाडली," जम-रे म्हणाली. "मीच बोलावलं होतं त्याला. फाडणं हा चित्राचाच भाग आहे."

"अस्सं? आणि हे मारणं?"

"तोही."

"काय रे?" मा पोराला बुटाने ढोसत म्हणाला.

"हो, साहेब," सक-चॉल एक दात थुंकत म्हणाला. "आजकाल असंच चालतं. परदेशात तर याहून वाईट."

मा हसला. मग त्याने झग्याकडे बोट केलं. "मग हे राहिलंच की. ते पुरं करा. माझ्यासमोर. नाहीतर पोराला घेऊन जातो."

जम-रेने सुरी उचलली. झग्यासमोर गेली. चौकट एका हाताने धरली. दुसरा हात वर उचलला, आणि तो वरच राहिला. तिला जमेना. मा पुढे झाला आणि पोराची कॉलर धरून त्याने त्याला उभं केलं. मोडलेलं मनगट आपटलं तसा तो किंचाळला.

"बाजूला हो," आई लेकीला म्हणाली. "कापड माझं आहे."

तिने लेकीच्या हातातली सुरी बाजूला केली. शिवणीच्या टोकाला लोंबणारी दोऱ्याची शेपटी बोटाला गुंडाळली, आणि ओढली. अडवायला गाठ नव्हतीच. आत अडकलेला वाळका रंग तडतड फुटत खाली पडू लागला, आणि दोरा सरसर निघत गेला. ही-बमचा झगा मधोमध दोन झाला.



मा जमिनीवरच्या दोऱ्याकडे बघत राहिला. त्यालाही आई होती, तीही याच मातीतली. त्याचा चेहरा हळूहळू बदलला. मरणाचा झगा इतके दिवस आपल्या नाकासमोर टांगलेला होता, हे वरिष्ठांना कळलं तर पहिली कातडी आपलीच सोलली जाणार, हेही त्याला त्याच क्षणी कळलं असावं. त्याने पोराला सोडून दिलं.

"फाटलं ना? मिटलं," तो म्हणाला. मग अजूनही चौकट धरून असलेला जम-रेचा हात त्याने खाली खेचला, जमिनीवर दाबला आणि टाच देऊन पिळला, विडी विझवावी तशी. बोटं एकामागून एक मोडली. "बाई, तुझी गाठ माझ्याशी आहे. आता बडव चित्रं."

जम-रे ओरडली नाही. ओरडली ती आई.

"आइगो!" मयतासाठी घालतात तशी हाक घालत तिने दोन्ही मुठींनी छाती बडवली. "आइगोऽऽ! फाटलं गं, फाटलं! माझं सोन्यासारखं फाटलं!"

मा दारातून परत फिरला. "ए म्हातारे! आवाज! काय सांगितलं होतं?"

"चित्र फाटलंय, साहेब," आई म्हणाली. गालांवरून धारा वाहत होत्या. "माझ्या पोरासाठी रडू नको म्हणाला होतात. चित्रासाठी रडायला बंदी कधी आली?"

मा तोंड उघडून बोलायला गेला. मेलेल्या पोराचं नाव घ्यायचं तर झग्याचंही घ्यावं लागणार होतं. त्याने ते तसंच मिटलं आणि तो जिन्याकडे वळला.

"आइगो, चित्र फाटलं गं!" मासेवालीने मागून सूर लावला आणि जमिनीवर बसकण मारली. तिच्या शेजारी दुसरी बसली, तिसरी बसली. सक-चॉल मोडलेला हात पोटाशी धरून भिंतीला टेकला आणि हुंदके देऊ लागला. जम-रे आईच्या मांडीत डोकं घालून, फुटलेल्या आवाजात, भावासाठी पहिल्यांदा रडली.

आवाज खिडकीतून गल्लीत गेला, गल्लीतून बाजारात. दुकानांतून बायका बाहेर आल्या. मा जिना उतरू शकेना, कारण जिन्यावर बायकाच बायका चढत होत्या.

"काय झालं गं वर?" चहाघरातल्या बाईने विचारलं.

"चित्र फाटलं म्हणे," चढणारी म्हणाली, आणि डोळ्यांना बाही लावून घाईघाईने वर गेली.