सोनाजी सरांच्या जीपचा टायर

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे आणि माझा राग अजून गेलेला नाही. आधीच सांगितलेलं बरं.

नवा होतो तेव्हा माझ्या अंगावरची नक्षी कशी ठसठशीत होती! आखाडा बाळापूरला सोनाजी सर पोरापोरींकडून पोलीस भरतीची तयारी करून घेत. त्यांच्या जीपला मी लागलो. सहा वर्षं त्यांना खड्ड्याखड्ड्यांतून वाहिलं. नक्षी झिजली, तशी त्यांनी मला लाथेनं मैदानाकडेला ढकललं. "भंगार!" एवढंच म्हणाले.

त्याच सकाळी शीतल धावण्याच्या चाचणीत शेवटी आली. सर सगळ्यांसमोर हसले. "तुझ्यानं न्हाई व्हायचं. भाकरी थाप घरी."

शीतल रडली नाही. जाताना मला गडगडवत घरी घेऊन गेली. वैरी एकच, मग जोडी जमायला वेळ कशाला लागतोय!

दुसऱ्या दिवसापासून तिच्या कमरेला दोर, दोराला मी आणि कालव्याकडेचा कच्चा रस्ता. पण पोरगी रागानं आंधळी झालेली. माझ्यात दगड भरून भरउन्हात ओढायची. मलाही सूड लगेच हवा होता. आठव्या दिवशी तिचा गुडघा टम्म सुजला.

तिची आई जनकाबाई हळद लावता लावता म्हणाली, "सगळा राग एकदाच काहून उधळून राहिली? पुरवून वापर की. थोडा, पण रोज."

मग तीन वर्षं रोज. कापूस वेचायला जायच्या आधी आमची फेरी व्हायचीच. एक भरती हुकली. ती दिवसभर जेवली नाही, पण सकाळी दोर बांधलाच. तिचं मन लागत नसलं की मी मुद्दाम चिखलात रुतून बसायचो. ओढ म्हणावं!

यंदा शीतलची निवड झाली. आणि सोनाजी सरांनी चौकात फलक लावला, 'आमची विद्यार्थिनी'! वर सत्कारही ठेवला. लाज कशी ती नाहीच!

शीतल सत्काराला मला घेऊनच गेली. सरांनी तिला शाल पांघरली. "ह्या लेकराला मी घडवलं," असं छाती फुगवून सांगितलं. शीतलनं शाल काढली, मला मंचावर चढवलं आणि ती माझ्याभोवती गुंडाळली.

"सर, तुमी फेकलेल्या ह्या टायरानं घडवलं मला. तुमी तर म्हणले होते, तुझ्यानं न्हाई व्हायचं."

"मी? मी कधी म्हणलो?"

सर खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. लोक मात्र पोट धरून हसले. मला बरं वाटलं, फार बरं वाटलं.

मित्रांनो, जुना टायर दिसला तर शेकोटीत टाकू नका. आणि कुणाला 'तुझ्यानं होणार नाही' म्हणण्याआधी दहादा विचार करा. तुम्ही संध्याकाळपर्यंत विसरून जाल. आम्ही नाही विसरत.