सूनबाईची जीप

‘‘बाबा, हे एवढंसं भोक कसलं?’’

सूनबाई बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकली होती. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात वही, पेन्सिल कानामागे. दवाखान्यात पेशंटचा ताप लिहून घ्यावा तसं ती सासऱ्याचं एकेक वाक्य टिपून घेत होती.

‘‘ते डिस्ट्रिब्युटरचं नाक,’’ मिस्त्री म्हणाले. सगळा मोहल्ला त्यांना मिस्त्रीच म्हणायचा. ‘‘पेट्रोल गाडीचा जीव ठिणगीत असतो. ती या डबीतून चारी प्लगांना वाटली जाते. म्हणून हिला पाणी लागू द्यायचं नाही. झाकणाच्या कडेला ग्रीस, वायरींच्या टोप्यांत ग्रीस, सगळं बंद. पण हे भोक बुजवायचं नाही. त्याला नळी जोडायची आणि नळीचं तोंड वर काढायचं.’’

‘‘आणि बुजवलं तर?’’

‘‘इंजिन गरम, पाणी गार. डबीला आतून घाम फुटतो आणि ठिणगी मरते. बाहेरचा थेंबही आत न शिरता गाडी बंद. नवशिके हमखास हीच चूक करतात.’’

सूनबाईने लिहिलं, भोक बुजवायचं नाही, आणि खाली दोनदा रेघ ओढली.

जीप मिस्त्रींच्या मुलाची. भंगारातून हौसेनं आणलेली. मुलगा आजारपणात गेला, त्याला सहा वर्षं झाली होती. तेव्हा सगळे धरूनच चालले होते की सून आता माहेरी जाणार, आणि त्यात वावगंही काही नव्हतं. पण ती गेली नाही. का गेली नाही हे तिनं सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. सकाळचा चहा ती करायची, संध्याकाळची भाजी हे चिरून ठेवायचे. इनमिन दोन माणसं, तरी सकाळी मोरीत आधी कोण जाणार यावरून रोज कटकट व्हायची. तिची रात्रपाळी असली की मिस्त्रींना घर खायला उठायचं.

आता तिची नदीपलीकडच्या दवाखान्यात नर्स म्हणून नेमणूक झाली होती. झाली कसली, तिनं मागून घेतली होती. पूल खचल्यापासून तिकडे जायला कुणी तयार होत नव्हतं. पुलाच्या खालच्या अंगाला नदीला उतार होता, पण तिथंही कायम कमरेइतकं पाणी. तिकडे राहायला खोली एकच, तीही दवाखान्यातल्या आयाबाईबरोबर वाटून घ्यायची. म्हणजे सासऱ्याला बरोबर न्यायचा प्रश्नच मिटला.

‘‘महिन्यातून एकदा येईनच की,’’ ती म्हणाली होती.

‘‘ये ना. मी कुठं पळून चाललोय?’’ असं म्हणून मिस्त्री पुसलेलाच पाना पुन्हा पुसत बसले होते.

आठवडाभर ते जीपला चिकटून होते. हवेचं तोंड टपाच्या वर नेलं. सायलेन्सरचा पाइप मागून उभा चढवला. गिअरबॉक्सला आणि चाकांच्या दोन्ही आसांना श्वासाच्या नळ्या लावल्या. कॉइल उचलून उंचावर बसवली. सुट्या भागांचा दुकानदार नळ्या मोजून देताना म्हणाला, ‘‘मिस्त्री, जीप करताय की पाणबुडी?’’

‘‘पाणबुडी सोपी असते,’’ मिस्त्री म्हणाले. ‘‘तिच्यात सूनबाई बसत नाही.’’

दुकानदार हसला. मिस्त्रींनी नळ्या पुन्हा एकदा मोजल्या.

शुक्रवारी दुपारी सूनबाई कामावर गेली होती. झाकण बसलं होतं, ग्रीस भरून झालं होतं. ती नळी तेवढी जोडायची राहिली होती. मिस्त्रींच्या हातात फटी बुजवायच्या सीलंटची ट्यूब होती, आणि मनात नको ते आलं.

एक ठिपका, बस. वरून नळी चढवली की दिसणारसुद्धा नाही. जीप मध्यावर जाऊन बंद पडेल. आपण काठावर दोर घेऊन उभे असूच. पोरगी कमरेपर्यंत भिजेल, घाबरेल, आपण ओढून काढू. मग ती बदलीचा अर्ज आपोआप मागे घेईल. जुनी गाडी, कुणाला शंका यायचं कारणच नाही.

आता सासऱ्यानं असं करावं का? मुळीच करू नये. आयुष्यभर दुसऱ्याच्या गाडीचा एक स्क्रू ढिला न ठेवणाऱ्या माणसानं तर नाहीच नाही. पण मिस्त्रींनी केलं. पांढरा ठिपका भोकात दाबला, त्यावर नळी चढवली आणि हात धुवायला गेले. साबण दोनदा लावला. संध्याकाळी भाजी चिरायला बसले तर सुरी बोटावरून गेली.

शनिवारी सकाळी सूनबाईने चहाचा कप पुढे ठेवला.

‘‘बाबा, मागची सीट काढता येईल का?’’

‘‘का गं?’’

‘‘बाई आडवी झोपली पाहिजे. तिकडे कुणी बाळंतपणात अडली की इकडच्या दवाखान्यात आणायला हीच गाडी. मागच्या वर्षी दोघींना बाजेवर घालून पाण्यातून आणलं होतं. एक पोचली.’’

‘‘काढतो,’’ मिस्त्री म्हणाले. कप तसाच ठेवून उठले.

भोक मोकळं करायला तासभर लागला. सीलंट सुकून चिवट झालं होतं. सुईनं कण कण कोरून काढताना मिस्त्री स्वतःला शिव्या घालत होते, चांगल्या ठेवणीतल्या. मग त्यांनी नळी जोडली आणि जवळच्या तळ्याच्या उथळ कडेला जीप बंपर बुडेस्तोवर उतरवून वीस मिनिटं चालू ठेवली. इंजिन एकदाही अडखळलं नाही. दुपारी त्यांनी सीट काढली, तिथं फळी ठोकली आणि फळीवर स्वतःची गादी दुमडून टाकली.

रविवारी सकाळी दोघं उतारावर आले. मिस्त्रींनी कशालाही हात लावला नाही. सूनबाईने पंख्याचा पट्टा स्वतः काढला, कारण फिरता पंखा पाणी थेट इंजिनावर उडवतो. मग जीपखाली सरकून, आत पाणी शिरू नये म्हणून क्लचखालचं बूच लावलं.

‘‘पलीकडे गेल्यावर?’’ त्यांनी विचारलं.

‘‘बूच काढायचं, पट्टा चढवायचा. मगच पुढे.’’ हात पुसता पुसता तिनं त्यांच्याकडे बघितलं. ‘‘बाबा, शुक्रवारी रात्री मी ती नळी काढून बघितली होती.’’

लाजेनं मिस्त्रींची मान खाली गेली.

‘‘बोलली का नाहीस?’’

‘‘तुम्ही काढाल असं वाटलं.’’

‘‘आणि नसतं काढलं तर?’’

‘‘मीच काढलं असतं. टाचणी तयार होती.’’

‘‘म्हणून सीटचं बोललीस.’’

‘‘सीट लागणारच होती बाबा.’’ तिचा आवाज एकदम बारीक झाला. ‘‘मलाही जायचं जिवावर आलंय. पण तिकडे कुणीच नाही.’’

मिस्त्रींनी मान हलवली. तिच्या डोक्यावर हात ठेवावा असं फार वाटलं, पण हाताला ग्रीस होतं. ‘‘पहिल्या गिअरला टाक,’’ ते म्हणाले, ‘‘आणि वर चढेपर्यंत क्लचला पाय लावू नकोस. सावकाश, पण थांबायचं नाही.’’

जीप पाण्यात उतरली. पाणी चाकांवर आलं, दिव्यांवर आलं, बॉनेटच्या कडेला लागलं. मिस्त्री दोर हातात धरून डोळ्यांत तेल घालून बघत होते. मध्यावर आवाज जड झाला. त्यांनी दोर आवळून धरला, आणि खरं सांगायचं तर त्या एका क्षणी मनाच्या कोपऱ्यात आशाही हलली. पण इंजिन एका सुरात चालत राहिलं. जीप निथळत पलीकडे चढली.

तिकडे बॉनेट उघडलं. ती जीपखाली गेली, वर आली, बराच वेळ वाकून राहिली. पट्टा चढत नसेल, मिस्त्रींना वाटलं, तो जरा आखूडच आहे. मग बॉनेट बंद झालं. तिनं दोन्ही हात वर करून हलवले. यांनीही हलवले. जीप चढावरून वळली आणि तिचा आवाज हळूहळू विरत गेला. एक ठोका चुकला नव्हता. उभ्या जन्मात इतकं चोख काम आपल्या हातून झालं नाही, हे मिस्त्रींना कळत होतं.

त्यांनी दोर गुंडाळला आणि सवयीनं जीपकडे जायला वळले. मागे नुसता रस्ता होता. येताना दोघं एकाच गाडीतून आले होते. आठ दिवस त्यांनी एकेका नळीचा, एकेका स्क्रूचा विचार केला होता, आपण परत कसं जायचं हे काही डोक्यात आलं नव्हतं. घर पायी दोन तासांच्या वाटेवर होतं. मिस्त्रींनी विजारीचे दुमडलेले पाय खाली सोडले, दोर खांद्याला अडकवला आणि ते रस्त्याच्या कडेनं चालू लागले.