खिळ्यावरचा बिल्ला

व्हर्लिन स्टोक्स तोंडाचा पक्का. बावीस वर्षं नौदलाच्या गोदीत पाणबुड्यांचं वायरिंग करत होता, पण कुठली बोट कधी सुटणार हे त्यानं बायकोलाही कधी सांगितलं नाही. घरी आला की गळ्यातला बिल्ला दाराजवळच्या खिळ्याला अडकवायचा, की गोदी तिथंच संपली. ओडेसानंही कधी खोदून विचारलं नाही. बरं चाललं होतं दोघांचं.

पण न बोलायची सवय लागली की कुठं बोलावं हेच माणूस विसरतो. आई गेली त्या हिवाळ्यात व्हर्लिनला नदीपलीकडच्या जुगारघराचा नाद लागला. क्रेडिट कार्डावर अकरा हजार डॉलर चढले, बँकेनं प्रकरण वसुलीवाल्यांकडे दिलं, आणि हा बाबा त्यांची पत्रं ट्रकच्या सीटखाली कोंबत राहिला. फाडून टाकायचीसुद्धा हिंमत नव्हती त्याची.

अशातच त्याच्या सुरक्षा परवानगीची फेरतपासणी आली. ती परवानगी नसेल तर पाणबुडीवर पाऊल ठेवता येत नाही, आणि पाणबुडी नाही तर नोकरी नाही. कर्जात बुडालेला माणूस पैशासाठी गुपितं विकेल, म्हणून तिथं थकबाकी आधी बघतात. व्हर्लिननं घाईघाईनं वडिलांची मासेमारीची होडी विकून कर्ज फेडलं. ओडेसाला सांगितलं, इंजिन गेलं होतं, भंगारात काढली. मग फॉर्म भरायला बसला. ‘गेल्या सात वर्षांत कुठलं कर्ज थकलं होतं का?’ त्याच्यापुढं त्यानं ‘नाही’ लिहिलं. फिटलं ना, मग विषय संपला, असं त्याचं गणित.

गोदीतल्या रॉस्कोनं वर शहाणपण शिकवलं. “तपासणीवाल्यांपुढं एका शब्दाच्या वर बोलायचं नाही. हो तर हो, नाही तर नाही. जास्त बोलला तो गेला.” गोदीत सगळे हेच शिकवतात.

तपासणीला आलेल्या केसलर बाई पांढऱ्या केसांच्या, आवाजानं मऊ होत्या. शेजारपाजाऱ्यांची, दारूची, परदेशी प्रवासाची चौकशी झाली. मग त्यांनी विचारलं, “पैशाची काही अडचण, मिस्टर स्टोक्स?”

“नाही.”

“आधी कधी?”

“नाही.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “नीट आठवून बघा. फॉर्ममध्ये काही राहून गेलं असेल, तर आत्ता सांगता येईल.”

बाईंनी सुटकेचं दार उघडून दिलं होतं, पण या माणसाला ते दिसलं नाही. “नाही,” तो तिसऱ्यांदा म्हणाला.

बाईंनी फाइलीतून एक कागद काढून त्याच्यापुढं सरकवला. अकरा हजार, थकल्याची तारीख, फेडल्याची तारीख, सगळं होतं त्यात.

“मी... फेडलंय ते,” तो कसाबसा म्हणाला.

“दिसतंय मला. आईच्या दुःखात घसरलात आणि सावरलात, एवढंच लिहिलं असतं मी. असे कितीतरी लोक येतात माझ्याकडे.” बाईंना खरंच वाईट वाटलं होतं. “पण आता तुम्ही मला तीनदा काय सांगितलंत, तेही लिहावं लागेल.”

त्या दिवशी घरी आल्यावर ओडेसानं विचारलं, “कसं झालं?”

“चांगलं,” व्हर्लिन म्हणाला.

पाच आठवड्यांनी भर दुपारी मुकादमानं त्याला बाजूला घेतलं आणि हात पुढं केला. “बिल्ला दे, व्हर्लिन. निकाल लागेपर्यंत आत येऊ नकोस.” मुकादमाची नजर जमिनीवरच होती.

घरी ओडेसा भेंडी चिरत होती. “आज इतक्या लवकर?”

“वीज गेली. सगळ्यांनाच सोडलं.”

ती हात पुसत दाराशी आली आणि तिची नजर खिळ्यावर गेली. बावीस वर्षांत तो माणूस घरात आणि खिळा रिकामा, असं कधी झालं नव्हतं.

“बिल्ला कुठाय तुझा?”

आता तरी बोलायचं ना. तोंडाशी आलंही होतं त्याच्या. “गाडीत राहिला,” तो म्हणाला.

“उन्हात वाकडा होईल की. थांब, मी आणते,” म्हणत तिनं किल्ल्या उचलल्या.

व्हर्लिन खिडकीशी जाऊन उभा राहिला. ओडेसानं ट्रकचं दार उघडलं. पुढचा खण पाहिला, सीटवरचं जाकीट झटकलं. मग ती गुडघ्यावर बसली आणि तिनं सीटखाली हात घातला.