प्लग काढल्यावरही वाजणारा पंखा

मित्रांनो, या पृथ्वीवर सूर्याशी उघड वैर घेण्याचे धाडस फक्त पंख्यांच्या कुळाने केले. मी त्याच कुळातला एक जुना टेबल पंखा आहे. माझी मान डावीकडे वळते. परत आणायला माणूस लागतो.

रायपूर छत्तीसगडची राजधानी झाले, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात गुलाबरावांनी मला तिथल्या बूढापारा मोहल्ल्यातल्या घरी आणले. शहराबाहेर सिलतऱ्याला लोखंडी सळया करणाऱ्या कारखान्यात ते नुकतेच लागले होते. तिथल्या धडधडाटासाठी जाडजूड इअरमफ मिळत. गुलाबराव ते हारासारखे गळ्यात घालत. साहेब दिसले की कानांवर चढवत. गणपती विसर्जनाला ढोल-ताशे आणि मोठाले भोंगे लादलेली धुमाल पार्टीची गाडी घरांच्या काचा हलवत निघे, तेव्हा गणेश मंडळाचे उपाध्यक्ष म्हणून ते अगदी भोंग्यांसमोर चालत. मागे चालणे म्हणजे पद गेल्यासारखेच!

अशी बरीच वर्षे गेली. एका दुपारी ते माझ्याकडे रोखून पाहत बायकोला म्हणाले, "अवं, हा पंखा कुईं कुईं करून राहिला."

"मले तं नाही येत ऐकू," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"तुले माही हाकबी नाही येत ऐकू!"

मला तेल पाजले. जाळी उघडून पाती पुसली. कुईं थांबेना. शेवटी निकाल लागला: "कबाड्याले देऊन टाकतो याले."

मित्रांनो, न केलेल्या आवाजाची शिक्षा फार वाईट. माझी पाती जागच्या जागी थिजली. पण खोली शांत होताच गुलाबराव ओरडले, "पाहा! बंद केला तं जास्तच बोंबलून राहिला!"

"पापा," त्यांची मुलगी ऋता म्हणाली, "प्लग तो मेरे हाथ में है।"

गुलाबरावांनी प्लगकडे पाहिले, मग माझ्याकडे. ते हळूच खाटेवर बसले.

"मंग कोण वाजून राहिलं? माहं डोकं तं नाही ना फिरलं?"

टोमण्याची एकही संधी न सोडणाऱ्या सरोजिनीबाईंनी टोमणा न मारता डॉक्टरकडे जायला चपला घातल्या. मला तेव्हा खरी भीती वाटली.

डॉक्टरांनी सांगितले ते असे. वेड नाही. कानाच्या आत केसांसारख्या नाजूक पेशी असतात. गोंगाटाने मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, आणि मग आवाज नसतानाही कान वाजतात. गेले ते गेले, उरलेले सांभाळा. कानात तेल ओतू नका. अगदी शांत खोलीत बसू नका. पंख्याची घरघर चालेल.

गुलाबरावांना माझ्याकडे पाहवेना.

त्या वर्षी विसर्जनाची मिरवणूक आमच्या खिडकीखालून गेली. "उपाध्यक्ष, समोर या ना! भेले का?" कोणीतरी हाळी दिली. "हव, भेलो!" गुलाबराव म्हणाले, आणि कानांवर मफ चढवून पार शेवटी चालू लागले. कुईं अजून गेलेली नाही. वाढू नये, एवढाच आम्हा सगळ्यांच्या जिवाला घोर.

म्हणून सांगतो मित्रांनो, जिथे शेजारच्याशी ओरडून बोलावे लागते तिथे कान झाका, नाहीतर लांब व्हा. एकाएकी कमी ऐकू आले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि कृपा करून माझ्या जाळीवर ओले बनियन वाळत घालू नका.