चोवीस अंकी संख्या

गणित शिकवते माझी बायको, पण अख्खी गल्ली मास्तर म्हणते मला. मी शिंपी. यावरून ती मला आयुष्यभर चिडवत आली. तिच्या डोक्यातली गाठ काढायचं ठरलं, त्या दिवशीही तिने सोडलं नाही.

"मास्तर, गृहपाठ देते," म्हणाली आणि कागदावर चोवीस अंकी संख्या लिहून दिली. "ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून हिला कशानेही भाग जात नाही. शुद्धीवर आले की मी म्हणून दाखवीन. तुम्ही तपासा."

जीव वाचेल, पण बोलण्यातलं, आठवणीतलं काही जाऊ शकतं, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं.

"एवढी लांबलचक कशाला? आपला फोन नंबर म्हण की."

"त्याला दोनाने भाग जातो. आणि हीच का, ते नंतर सांगते."

मग काय, बसलो घोकत. काज करताना तीन पाच सात, कॉलर लावताना सहा आठ सहा. एका गिऱ्हाइकाच्या छातीचं माप मी 'तीनशे सत्तावन्न' सांगितलं. बिचारा वाकून स्वतःकडे बघायला लागला.

ऑपरेशन लांबलं. बाहेर बाकावर मी संख्या म्हणत होतो. मध्येच एखादा अंक गळला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. माझ्या चुकीने आत भलतंच काही कापलं जाईल, अशी भीती वाटायची.

शेवटी सिस्टरने आत बोलावलं. डोक्याला पट्ट्या, ओठ सुकलेले. तिने माझ्याकडे पाहिलं, पण ओळखलं की नाही ते कळेना. मी खिशातून कागद काढला.

"म्हण."

बराच वेळ ओठ नुसते हलले. मग आवाज आला. "सहा... दोन... नऊ... एक... तीन... सात."

तेवढ्यावरच ती थांबली. मी कागद पाहिला.

"हे शेवटचं झालं. सुरुवात? तीन पाच सात..." मी आठवण करून दिली.

ती गोंधळली. पुन्हा तेच सहा अंक.

संख्येचं शेपूट तेवढं उरलं होतं. आमचं लग्न, तिची शाळा, मी, हे सगळं त्या गेलेल्या भागात असणार, असं का कोण जाणे मला वाटलं. तोंड फिरवून मी रडलो.

"अहो... मास्तर."

मी गर्रकन वळलो.

"मागचं... बरोबर ना?" एकेक शब्द शोधत ती बोलत होती.

"बरोबर आहे गं. पण पुढचं..."

"नाही आठवत." ती घाबरली होती, मला स्पष्ट दिसलं. "पुढून... एकेक अंक... कापत गेलं... तरी उरतं ते... मूळच. म्हणून... ही निवडली."

मी तळहाताने कागदावरचे पुढचे अंक झाकले. सहा दोन नऊ एक तीन सात. हात आणखी सरकवला. एक तीन सात. मग नुसता सात.

"सातसुद्धा?"

"सातसुद्धा." तिने माझा हात कागदावरून बाजूला केला. "पण पुढचं... तुम्ही पाठ केलंय ना?"

"तीन, पाच, सात, सहा," मी म्हणायला लागलो. ती डोळे मिटून ऐकत राहिली.