दीडशेच्या वर नाही

वडनेर भोलजीजवळच्या दूध भुकटीच्या कारखान्यात सुचिता सपकाळ मेंटेनन्स इंजिनियर होती. आई गेल्यापासून लोणारच्या घराला कुलूप होतं आणि गावातल्या भाड्याच्या खोलीवर तिची वाट पाहणारं कुणी नव्हतं. दिवसभरात कामापलीकडचं बोलणं व्हायचं ते फक्त कलीमभाईंशी. ते टॉवर चालवत. आटवलेलं गरम दूध पंपाने दाबून स्टीलच्या पाइपातून टॉवरच्या माथ्यावर जाई आणि तिथे गरम हवेत फवारलं की त्याची भुकटी होई. संध्याकाळी सुचिता पंपाशी गेली की कलीमभाई थर्मासमधला अर्धा चहा तिला देत आणि धाड गावी दिलेल्या मुलीच्या, नाहीतर आमीरच्या गोष्टी सांगत. आमीर त्यांचा मुलगा. याच कारखान्यात दुसऱ्या पाळीला कंत्राटावर होता.

पाइप दोनशे बार दाबावर चालत असे. मोठी ऑर्डर आली तेव्हा मॅनेजर चिन्मय कुलकर्णींनी तिला बोलावलं.

"दोनशे चाळीस करू या का? कागदावर तर हा पाइप साडेतीनशे सोसतो."

"नवा आणि सरळ पाइप सोसतो, सर. आपला आज कसा आहे ते मोजून सांगते."

टॉवर धुवायला बंद केला तेव्हा जाडी मोजायचं यंत्र घेऊन ती शिडी चढली. सरळ भाग चांगला होता, साडेचार मिलिमीटर. पंपाजवळच्या वळणावर मात्र यंत्राने दोन पूर्णांक सहा दाखवलं. तिने जागा पुसून पुन्हा मोजलं. तेच. पाइप वाकवताना बाहेरची बाजू ताणून पातळ झाली होती, आणि बाकीची झीज दुधाच्या रोजच्या माऱ्याने झाली होती. ते वळण नेमकं कलीमभाईंच्या डोक्याच्या उंचीवर होतं.

सगळ्यात पातळ जागा जेवढं सोसेल तेवढंच सगळा पाइप सोसणार. त्यात जुन्या वेल्डिंगचा भरवसा नाही, म्हणून आणखी थोडं कमी धरावं लागलं. उत्तर आलं दीडशे. तिने तीनदा करून पाहिलं. चूक सापडावी असं तिला मनापासून वाटत होतं.

"चालू आहे त्याहूनही कमी?" कुलकर्णी म्हणाले. "आधी टेस्ट घ्या."

टेस्ट म्हणजे पाइपात गार पाणी भरून तिने काढलेल्या मर्यादेच्या दीडपट दाब द्यायचा. सगळ्यांना बाहेर काढून सुचिता भिंतीआड एकटी बसली आणि हातपंप मारत राहिली. काटा सव्वादोनशेवर गेला आणि थांबला. कुठे थेंबसुद्धा आला नाही.

"सव्वादोनशेला टिकला की! मग दोनशेला का नाही?"

"ते गार पाणी होतं, सर, आणि घटकाभर. दूध गरम असतं, पंप दर ठोक्याला पाइपाला हिसका देतो, तेही दिवसरात्र. कुठे फुटतो ते मला शोधायचं नाहीये. दीडशेच्या वर मी सही करणार नाही."

कुलकर्णींनी नवं वळण मागवलं. ते येईपर्यंत टॉवर दीडशेवर चालला. भुकटी कमी निघू लागली, ऑर्डर हातची गेली आणि दुसरी पाळी बंद झाली. आमीर जालन्याला एका कारखान्यात लागला.

तो गेला त्या संध्याकाळी कलीमभाईंनी थर्मास उघडलाच नाही.

"काऊन केलं ताई असं? चार वर्षं मी त्याच्यापाशी उभा राह्यलो. काय झालं मले?"

"झालं नाही म्हणून होणारच नाही असं नसते ना, कलीमभाई. तुमच्या डोक्यापाशी आहे ते."

"मंग माह्या डोक्याची काळजी मले करू द्याची होती. एकुलतं एक पोरगं होतं घरात."

त्यानंतर ते तिच्याशी 'हो मॅडम', 'नाही मॅडम' एवढंच बोलत. कँटीनमध्ये ती बसली की त्या टेबलावरची माणसं हळूहळू जेवण आटोपून उठत. ती डबा ऑफिसातल्या आपल्या टेबलाशीच खाऊ लागली.

दिवाळीनंतर नवं वळण आलं. जुनं कापून काढल्यावर सुचिताने ते उभं चिरून घेतलं. एखादा तडा दिसेल आणि तो कलीमभाईंना दाखवता येईल, अशी तिला आशा होती. तडा कुठेच नव्हता. आतून ते गुळगुळीत आणि पातळ होतं, इतकंच. आणखी चार वर्षं टिकलं असतं की दुसऱ्या दिवशी फुटलं असतं, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. तिने ते स्वतःच भंगारात टाकलं.

नवं वळण बसलं, तपासणी झाली. दुसरी पाळी पुन्हा लागली त्या सकाळी कलीमभाई तिच्या टेबलापाशी आले.

"आता किती द्याचं, मॅडम?"

"दोनशे चाळीस. त्याच्या वर नाही."

"पक्कं?"

"पक्कं. मी स्वतः मोजलं."

ते मान हलवून वळले.

"कलीमभाई, आमीर येते का आता परत?"

"नाही. त्यानं तिकडंच खोली केली. म्हणते, अब्बा, आता इकडं करमते मले." ते आणखी काही बोलतील असं तिला वाटलं. पण ते पंप लावायला निघून गेले.

थोड्या वेळाने पंपाचा आवाज आला, चढत गेला आणि एका सुरात लागला. तो तसाच राहतोय याची खात्री होईपर्यंत सुचिता ऐकत बसली. मग तिने पुढच्या कामाचा कागद ओढला.