टोपीतले विरजण

सकाळी सव्वासातला तीन नंबरच्या टाकीवर फेस आला. पाठोपाठ एक आणि दोन नंबरच्या टाक्यांनीही तेच केले, आणि जेवणाच्या सुटीपर्यंत कारखान्यातले सगळे गुलाबी पाणी भांडी विसळलेल्या पाण्यासारखे झाले.

त्या गुलाबी पाण्यावर कारखाना चालत होता. त्यात एक समुद्री जिवाणू वाढवला जाई. उन्हाने आपली पेशी जळू नये म्हणून हा जिवाणू अंगात एक गुलाबी द्रव्य बनवतो. तेच अँटिऑक्सिडंट म्हणून काढायचे, वाळवायचे आणि कॅप्सूलमध्ये भरून विकायचे, असा धंदा होता. जिवाणू सापडला होता जुन्या धक्क्याच्या एका बुळबुळीत पायरीवर, आणि तो खरवडून आणणारी बाई आता टाक्यांची प्रमुख होती. ती येता-जाता टाक्यांना हात लावून अंग तापले आहे का बघे, म्हणून सगळे तिला सुईण म्हणत. तोंडावरही म्हणत.

सुईणीने फेसाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. जिवाणू फुटून गेले होते. माणसांना साथ येते तशी जिवाणूंनाही येते, त्यांचे विषाणू वेगळे असतात एवढेच. ही साथ नळातून आली होती. आधी टाक्यांत मीठ घालून उकळलेले पाणी जाई. पण डबीवर ‘थेट समुद्रातून’ असे छापायचे ठरल्यावर मालकांनी समुद्राचे पाणी जसेच्या तसे घ्यायला लावले. सुईण नको म्हणाली होती. मालक म्हणाले होते की तिला व्हिजन नाही. पगार कधी होणार, या प्रश्नालाही ते व्हिजननेच उत्तर देत. त्यामुळे माघारी त्यांचे नावच व्हिजन पडले होते.

टाक्या मेल्या तरी विरजण असले की पुन्हा लावता येतात. विरजण उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये, छोट्या कुप्यांत होते आणि फ्रीझर स्वागतकक्षात होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण व्हिजनला मूठ उघडून दाखवायची हौस. कुणीही पाहुणा आला की ते फ्रीझरचे दार उघडत, आतून पांढरी वाफ लोळत बाहेर येई आणि त्या वाफेत उभे राहून फोटो निघे. कुप्या कितीदा वितळल्या आणि कितीदा गोठल्या, याचा ना हिशेब ना नोंद. सुईणीने एकूण एक कुपी काचेच्या बशीत, जिवाणूंच्या खाद्यावर पेरून पाहिली. चार दिवस वाट पाहिली, काही उगवले नाही.

इकडे एक मोठा खरेदीदार टाक्या बघायला येणार होता. जिवाणू नाही म्हणजे कारखाना नाही. सुईणीच्या डोळ्यांसमोर मात्र कारखाना नव्हता, धक्क्याची ती पायरी होती. नंतर ती पायरी बंदराच्या रुंदीकरणात गेली होती. पुन्हा खरवडायला जागाच नव्हती.

एक बाटली होती. फ्रीझर स्वागतकक्षात गेला त्याच आठवड्यात सुईणीने ताज्या जिवाणूंची एक बाटली भरून घरी नेली होती आणि ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी चिकटवून फ्रीजच्या दारात ठेवली होती. जिवाणूचा वाण गेटबाहेर नेणे म्हणजे चोरी, अशा कागदावर तिची सही होती. सांगावे तर नोकरी जाणार, न सांगावे तर जिवाणू गेलाच. दुपारभर तिने मेलेल्या टाक्या घासल्या. संध्याकाळी जाऊन तिने सांगितले.

व्हिजनने आधी सुनावले की दुसरा मालक असता तर पोलीस बोलावले असते. मग बाटलीत किती आहे ते विचारले. मग म्हणाले की साठा असा विखरून ठेवायची योजना त्यांच्या मनात केव्हापासून होती.

“माझी गाडी न्या,” ते म्हणाले. “आणि येताना काचा बंद ठेवा. वारं लागेल.”

घरी बाटली होती. साबणाने स्वच्छ धुतलेली, भांड्यांच्या जाळीत उपडी.

सासरे बँकेतून निवृत्त झालेले, टापटिपीचे गृहस्थ होते. रिकामी वस्तू न धुता ठेवणे त्यांना जमत नसे.

“संपली,” ते म्हणाले. “सूनबाई, दुसरी आणशील तेव्हा जरा मोठी आण.”

मग सगळा प्रकार बाहेर आला. कारखान्याचे माहितीपत्रक सुईणीनेच लिहिले होते. त्यात ‘थकलेल्या पेशींना नवा जोम’ असे वाक्य होते, व्हिजनच्या आग्रहाखातर. सासऱ्यांनी ते नीट वाचले आणि घरात आपल्या टाळूइतके थकलेले दुसरे काही नाही, असा हिशेब केला. रोज झोपताना ते टाळूवर गुलाबी पाणी लावत आणि उशी रंगू नये म्हणून वर लोकरीची टोपी घालत.

“बाबा, त्यावर ‘हात लावू नये’ लिहिलं होतं.”

“मी हात कुठे लावला? कापसाने लावलं.”

त्यांनी मान खाली घालून टाळू दाखवली. तीन केस नवे आहेत म्हणाले. त्यांच्या मुलाने, म्हणजे सुईणीच्या नवऱ्याने, दुरूनच सांगितले की हे तिघे आधीपासूनचे आहेत, त्यांना तो लहानपणापासून ओळखतो.

“डोकं कधी धुतलंत?”

“आज सकाळी. शाम्पूने. का गं?”

सुईणीने जाळीतली बाटली उजेडात धरून पाहिली, एक थेंब नव्हता. मग ती एकदम वळली. “आणि टोपी?”

टोपी धुतलेली नव्हती. ती आतून गुलाबी झाली होती आणि दुमडीच्या शिवणीत अजून ओलसर होती. सुईणीने कात्री उचलली.

“कात्री नाही,” सासरे म्हणाले. आवाज बदलला होता. “तुझ्या सासूने विणलीय ती. हवी तर भिजव.”

तिने कात्री ठेवली. टोपी अख्खीच्या अख्खी उकळून थंड केलेल्या खारट पाण्यात गेली आणि ते पाणी बशांमध्ये पेरले गेले.

बशांत गुलाबी ठिपके उगवले तेव्हा व्हिजनने कारखान्यात पेढे वाटायचेच बाकी ठेवले. सुईण मात्र हसली नाही. माणसाच्या कातडीवरही गुलाबी जिवाणू सुखाने नांदतात. हे ठिपके समुद्राचे की सासऱ्यांचे, ते डोळ्यांनी ठरत नव्हते. नमुने जनुक-तपासणीसाठी बाहेरच्या प्रयोगशाळेत गेले.

व्हिजनला तेवढा धीर कुठला? त्यांनी खरेदीदाराला कळवून टाकले की मानवी त्वचेवरही तग धरणारा सुधारित वाण तयार आहे. खरेदीदार खूश झाला, भेट अलीकडे ओढली आणि तो मानवही बघायला मिळेल का, असे विचारले. सासऱ्यांनी नवा सदरा शिवायला टाकला. टोपीशिवाय यायचे की टोपी घालून, एवढेच त्यांनी विचारले.

प्रयोगशाळेचा फोन आला, पण निकाल अर्धाच. ठिपक्यांत दोन जिवाणू आहेत. एक डोक्यावरचा, हे नक्की. दुसऱ्याची तपासणी चालू आहे.

“दोन्ही टाका टाकीत,” व्हिजन म्हणाले. “गुलाबी दिसल्याशी कारण.”

सुईणीने समजावले की डोक्यावरचा जिवाणू भराभर वाढणारा आहे. तो दुसऱ्याला उपाशी मारील आणि मग समुद्राचा असलाच तर तोही हातचा जाईल. व्हिजन म्हणाले, लोकांना काय कळणार आहे. सुईणीने बशा कपाटात ठेवल्या, कुलूप लावले आणि किल्ली पर्समध्ये टाकली. व्हिजनने तिलाच तिच्या निलंबनाचे पत्र टाइप करायला सांगितले, पण सही केली नाही, कारण खरेदीदाराला टाक्या समजावून सांगणारे दुसरे कुणी नव्हते.

आज दुपारी तीनला खरेदीदाराची मंडळी विमानतळावरून निघाल्याचे कळले. टाक्या धुऊन भरून ठेवल्या आहेत, त्यांत अजून नुसते पाणी आणि मीठ आहे. किल्ली पर्समध्येच आहे. दुसऱ्या जिवाणूचा अहवाल आलेला नाही.